किहीमजवळ जुन्या वाडीत नवे घर : सपाट स्लॅब की कौलांचे छप्पर? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार.

अलिबाग तालुक्यात किहीमजवळ आजोबांची वीस गुंठ्यांची वाडी आहे. तिच्यातले जुने घर पडून बरीच वर्षे झाली असून आता केवळ जोते आणि विहीर शिल्लक आहे. आजूबाजूला मुंबईकरांचे मोठे बंगले उभे राहिले आहेत आणि २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा अशी गाड्या वाहून नेणारी रो-रो बोटसेवा सुरू झाल्यापासून ठाण्याहून गाडी घेऊन येणे आम्हालाही सोपे झाले आहे. त्यामुळे त्याच जोत्याच्या जागी चार खोल्यांचे घर बांधावे असे आम्ही ठरवले. पुढील महिन्यात नकाशे मंजुरीसाठी द्यायचे आहेत आणि नेमक्या याच टप्प्यावर आम्ही दोन मतांच्या मधे अडकलो आहोत.

आमच्या वास्तुविशारदांनी काढलेल्या आराखड्यात सपाट स्लॅब, गिलावा न केलेले उघडे काँक्रीट आणि पश्चिमेला अठरा फूट रुंदीची अखंड काच आहे. चित्रात ते घर अतिशय देखणे दिसते, हे मान्य केलेच पाहिजे. स्थानिक ठेकेदार मात्र पहिल्या भेटीपासून एकच सांगत आहेत, की जांभ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर आणि चारही बाजूंनी पडवी यांखेरीज येथे काही टिकत नाही. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत.

छपराचा प्रश्न निव्वळ आवडीचा असता तर मी येथे लिहिले नसते. आमची जागा भरतीरेषेपासून साधारण साडेतीनशे मीटरवर, म्हणजे सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात येते, त्यामुळे तळमजला अधिक एक मजला आणि एकूण ९ मीटर उंची ही मर्यादा आहे. वास्तुविशारदांनी हिशेब मांडून दाखवला : जोते पाऊण मीटर, प्रत्येकी ३.३ मीटरचे दोन मजले आणि आठ मीटर रुंदीच्या घरावर तीस अंशांच्या उताराचे छप्पर म्हणजे आणखी २.३ मीटर. बेरीज ९.६५ होते. त्यांच्या म्हणण्यानुसार उंची आढ्यापर्यंत धरली जाते, म्हणून दोन मजले हवे असतील तर स्लॅब सपाटच ठेवावा लागेल.

दुसरी अडचण अशी, की या घरात आम्ही महिन्यातून फार तर दोनदा राहणार आहोत आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते बहुधा बंदच असेल. दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, खारा वारा आणि बंद खिडक्या अशा स्थितीत चार महिने राहणारे घर कसे बांधावे, याचे उत्तर मला दोघांकडूनही मिळालेले नाही. आराखडा रोज राहत्या घराचा आहे. शेजारच्या एका नव्या बंगल्यात तीनच पावसाळ्यांनंतर बीमच्या खालच्या बाजूस गंजाचे तांबूस पट्टे उमटलेले आणि भिंतींना लोणा लागलेला मी स्वतः पाहिला आहे. आमचे ठेकेदार काँक्रीटच्या मजबुतीच्या दर्जाबद्दल 'एम २५ पुरेसा आहे' असे म्हणतात, तोही दावा कोणी तपासून सांगावा.

कौलांबद्दलही मनात धास्ती आहेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतील नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि राखणदाराच्या खोपटावरची निम्मी कौले उडाली.

प्रतिसाद १

मी स्ट्रक्चरल अभियंता असून माझे बहुतेक काम किनाऱ्यावर असते. प्रथम काँक्रीटबद्दल. काँक्रीटच्या आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात किनारी हवेला उघडे असणारे काँक्रीट 'तीव्र' वर्गात मोडते. त्यासाठी किमान एम ३०, सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत असावे लागते. एम २५ चालतो तो खाऱ्या हवेपासून आडोसा मिळालेल्या भागांनाच. जेथे समुद्राचे तुषार पोहोचतात तेथे एम ३५ आणि ५० मिलिमीटर घ्यावे. शेजारच्या बंगल्यात कव्हर कमी पडले असावे असा माझा अंदाज आहे. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते, म्हणून न गिलावलेल्या काँक्रीटचा हट्ट असल्यास या आकड्यांत तडजोड करू नये.

उंचीचा पेच मात्र सुटण्यासारखा आहे. वरच्या मजल्यावर सपाट छत घालूच नका, भिंत पागोळीपाशी २.४ मीटरवर थांबवा आणि खोलीला थेट छपराची उंची द्या. मग बेरीज ८.७५ मीटर होते. जुन्या कोकणी घरांत माळा नसलेल्या भागात हेच केलेले दिसते.

प्रतिसाद २

आमचे घर नागावला आहे आणि तेही पावसाळ्यात बंद असते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो आणि वर सिमेंटचा गिलावा केला की ती ओल आतच कोंडते. आम्ही बाहेरून चिरा उघडा ठेवला, छपराची पागोळी चार फूट पुढे काढली आणि आतून चुन्याचा गिलावा केला. घर बंद असतानाही हवा खेळावी म्हणून छपराखाली जाळीचे झरोके ठेवले. बुरशी पूर्ण थांबली असे म्हणणार नाही, पण कपाटांतला कुबट वास गेला. बिजागऱ्या व कड्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. आम्ही ३०४ च्या घेतल्या होत्या आणि दोन वर्षांत त्यांवर डाग पडले. कौले काठावरच्या आणि आढ्याजवळच्या ओळींत तारेने रीपांना बांधली, तर वारा त्यांना सहज उचलत नाही.

काचेचे म्हणाल तर तुमच्या वास्तुविशारदांना नांदगावचे पामायरा हाउस ठाऊक असेलच. २००७ साली स्टुडिओ मुंबईने बांधलेल्या त्या घराला सलग काचेऐवजी ताडाच्या लाकडाच्या लूव्हर, म्हणजे फटी ठेवून बसवलेल्या पट्ट्या, आहेत. मला तरी तो उपाय पश्चिमेच्या उन्हाला आणि बंद घराला अधिक योग्य वाटतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ८.७५ चा हिशेब आजच वास्तुविशारदांना पाठवला आहे आणि काच सहा फुटांवर आणण्यास घरातूनही संमती मिळाली. एक शंका राहिली : आमच्या गल्लीत तयार काँक्रीटचा ट्रक येत नाही, मिश्रण जागेवरच होणार आहे. ०.४५ हे प्रमाण मजुरांकडून पाळून कसे घ्यावे?

प्रतिसाद १

पन्नास किलोच्या एका पोत्याला साडेबावीस लिटर, त्यातून ओल्या रेतीतले पाणी वजा. खूण केलेली बादली द्या आणि मिक्सरजवळचा नळीचा पाइप काढून टाका. काँक्रीट ओतायला घट्ट वाटले तर पाणी न वाढवता प्लास्टिसायझर (मिश्रण सैल करणारे रसायन) वापरा आणि प्रत्येक स्लॅबच्या वेळी क्यूब (नमुन्याचे ठोकळे) भरून २८ दिवसांनी त्यांची मजबुती तपासून घ्या.