प्रसूतीनंतरचा रक्तस्राव: अंदाज की मोजमाप?

सिस्टर, जत: नॉर्मल डिलिव्हरीनंतर रक्तस्राव कपडे-पॅड बघून अंदाजानं लिहितो. खुणांची ड्रेप (बाईच्या खाली अंथरायची, रक्त गोळा करून किती मिली ते दाखवणारी प्लास्टिकची पिशवी) वापरून खरंच फरक पडतो का?

स्त्रीरोगतज्ज्ञ, मिरज: पडतो, सिस्टर. नजरेचा अंदाज बहुतेकदा कमीच निघतो. आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ई-मोटिव्ह चाचणीत (२०२३) ड्रेप आणि ठरलेले उपचार एकत्र वापरल्यावर गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. नुसती ड्रेप टांगून मात्र काही होत नाही. ५०० मिली झालं, किंवा ३०० मिलीलाच नाडी-बीपी बिघडलं, की गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पावायचं औषध), ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्तस्राव थांबवायचं औषध), सलाइन, तपासणी सगळं एकदम सुरू. एकेक करून वाट बघायची नाही.

सीनियर सिस्टर, कराड: ट्रॅनेक्सॅमिक १ ग्रॅम शिरेतून, १० मिनिटं घेऊन, प्रसूतीपासून ३ तासांच्या आत. भसकन ढकललं तर बीपी पडतं. ड्रेप बाळ बाहेर आल्यावरच सरकवा, नाहीतर गर्भजल मिसळून आकडा फुगतो.