लेक एरीच्या काठावर वसंतातले वार्बलर पाहायला नेमके कधी जावे?

ओहायोकर
नमस्कार. माझे वडील एप्रिलच्या अखेरीस साताऱ्याहून आमच्याकडे क्लीव्हलँडला येत आहेत. निवृत्तीनंतर मायणी आणि भिगवणच्या वाऱ्या करता करता त्यांना पक्ष्यांचे चांगलेच वेड लागले आहे, म्हणून दक्षिणेतून परतणारे वार्बलर, म्हणजे छोटे, रंगीत, गाणारे पक्षी, त्यांना सरोवराकाठच्या मगी मार्श या पाणथळ अभयारण्यातल्या लाकडी पायवाटेवरून दाखवावेत असे मनात आहे. गेल्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दीड तास गाडी चालवून एकटाच तिथे गेलो, तर बोचरा उत्तरेचा वारा सुटलेला होता आणि तीन तासांत चार-दोन यलो-रम्प्ड वार्बलरांखेरीज फारसे काही दिसले नाही. कोणता आठवडा निवडावा, आणि सत्तरीतल्या माणसाला ते झेपेल का?

पाणथळ
आपण थोडे लवकर गेलात. यलो-रम्प्ड आणि पाम हे दोघे एप्रिलमध्येच येऊ लागतात. ब्लॅकबर्नियन, मॅग्नोलिया, चेस्टनट-साइडेड, बे-ब्रेस्टेड ही रंगीत मंडळी साधारण ८ ते २० मे या काळात सर्वाधिक दिसतात, आणि ब्लॅकपोल दिसू लागला की हंगाम उतरणीला लागला असे समजावे. बहुतेक जातींमध्ये नर आधी येतात आणि माद्या काही दिवसांनी, त्यामुळे उशिरा गेल्यास ओळख पटवणे अवघड होते; शिवाय तोवर झाडे पानांनी भरून गेलेली असतात. पायवाट सपाट आहे, साधारण मैलभर लांबीची आहे आणि गर्दीमुळे कोणी भरभर चालतही नाही, तेव्हा वडिलांची काळजी नसावी. उत्तरेचा वारा असेल तर मात्र घरीच थांबावे.

जुनी दुर्बीण
शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. हे पक्षी रात्री उडतात. सूर्य मावळल्यानंतर तासाभरात निघतात आणि दक्षिणेकडून उबदार वारा मिळाला तर रात्रभर मजल मारतात. पहाटेच्या सुमारास समोर सरोवराचे उघडे पाणी आले, की त्यांतले बरेचसे अलीकडच्या काठावरच्या झाडीत उतरून पोट भरतात. म्हणजे नवे पक्षी आणतो तो दक्षिणेचा वारा, हे खरेच. पण त्यानंतर पाऊस आला किंवा वारा उत्तरेला फिरला, तर आलेले पक्षी पुढे जाऊ शकत नाहीत आणि दोन-दोन दिवस तिथेच अडकून राहतात. माझ्या आठवणीतल्या उत्तम सकाळी अशाच कुंद आणि गारठ्याच्या होत्या. आपला रविवार फुकट गेला तो बहुधा आधीच्या रात्रींतही दक्षिणेचा वारा नसल्यामुळे.

म्हणून तारखेपेक्षा आदल्या संध्याकाळचे हवामान पाहावे. कॉर्नेलच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचे ‘बर्डकास्ट’ हवामानाच्या रडारवरून रात्री किती पक्षी हवेत आहेत याचा अंदाज देते, आणि आपल्या काउंटीचा आकडाही तिथे सापडतो. पक्षी हातभर अंतरावर येत असल्याने दुर्बीण आठ पट मोठे दाखवणारी आणि दोन मीटरवरही नीट रोखता येणारी असावी. दहा पटीच्या दुर्बिणीत हे चंचल जीव सापडेपर्यंत उडून गेलेले असतात.

दर वेळी दीड तास जायचे नसेल, तर आपल्या शहरातच गाळाच्या भरावावर वाढलेले ८८ एकरांचे क्लीव्हलँड लेकफ्रंट नेचर प्रिझर्व्ह आहे. कामाच्या दिवशी सकाळी दोन तासांत जाऊन येता येते.

भिगवणवाला
मी पुण्यातून लिहितो आहे, पण तीन वर्षांपूर्वी मुलीकडे आलो असताना मगीला दोन दिवस घालवले होते, म्हणून आपल्या वडिलांच्या दृष्टीने एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे वटवट्या म्हणजे झुडपात लपलेला मातकट पक्षी, आणि हिवाळाभर त्याचे ‘चक् चक्’ एवढेच ऐकू येते. गाणे ऐकवण्याच्या वेळेला तो उत्तरेकडे निघून जातो. तिथले वार्बलर वेगळ्याच कुळातले, फक्त अमेरिका खंडांत आढळणारे, आणि वसंतात ते ऐन रंगात आणि गातच येतात. पहिल्या दिवशी मी सवयीने झुडपांच्या बुंध्याशी पाहत राहिलो आणि पक्षी डोक्यावर होते. ब्लॅक-अँड-व्हाइट वार्बलर तर शिलिंध्रीसारखा खोडावरून उलटा उतरत माझ्या कोपरापाशी आला, मान वळवून सालीच्या फटीतली अळी ओढून काढली आणि माझ्याकडे न पाहता पुढे गेला. त्यानंतर तासभर मी जागचा हललो नाही.

मोबाइलवरचे ‘मर्लिन’ ऐकलेल्या आवाजावरून नाव सुचवते, पण ते चुकतेही, म्हणून पक्षी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज नोंदू नये. रेकॉर्डिंग वाजवून पक्ष्यांना बोलावू मात्र नये. दमून आलेल्या जिवाला ते पळवणे योग्य नाही.

ओहायोकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. १० ते १८ मे या काळात कोणत्याही दोन दिवसांची रजा ऐनवेळी टाकायची परवानगी मी मिळवली आहे, म्हणजे वारा पाहून दिवस ठरवता येईल. तोवर सकाळी लेकफ्रंटला जाऊन सराव करू. सरोवराकाठचा गारठा लक्षात घेऊन बाबांना कानटोपी आणायला सांगितले, तर मे महिन्यात कानटोपी कशाला, असे त्यांनी आतापर्यंत दोनदा विचारून झाले आहे.