पैजेने पूलचा खेळ घडवला की बुडवला?

नऊनंबर:
पूल, म्हणजे टेबलावर क्यूच्या काठीने बॉल कडेच्या पॉकेटांत घालायचा खेळ. त्याचं नाव काढलं की लोक लगेच 'जुगाऱ्यांचा खेळ' म्हणून नाक मुरडतात. पूल खेळणारेही हल्ली शरमेने सांगतात की आता तसं राहिलेलं नाही. मला ही शरम पटत नाही. पैज नसती तर या खेळातली सर्वात मोठी माणसं घडलीच नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

एफ्रेन रेयेसचं बघा. फिलिपिन्समधला गरीब घरातला पोरगा. मनिलात नातेवाइकाच्या पूल हॉलमध्ये वाढला. टेबलाला हात पुरत नाही म्हणून कोका-कोलाच्या क्रेटवर उभा राहून खेळायचा, रात्री टेबलावरच झोपायचा. त्याला ना प्रशिक्षक होता ना अकादमी. समोरचा पैसे लावतोय आणि आपण हरलो तर उद्याचं जेवण नाही, हीच त्याची शाळा. १९८५ साली तो अमेरिकेत आला, ह्यूस्टनच्या स्पर्धेत 'सेझार मोरालेस' या नावाने उतरला आणि जिंकला. खरं नाव घेतलं असतं तर त्याच्याशी पैसे लावून कोणी खेळलंच नसतं, इतकी त्याची कीर्ती आधीच पोचली होती. पुढे १९९४ला पूलची यूएस ओपन, १९९९ला कार्डिफमध्ये जगज्जेतेपद.

आणि १९९६चा हाँगकाँगचा सामना! अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध, जो आधी १२० रॅक (म्हणजे डाव) जिंकेल तो विजेता. सलग तीन दिवस. रेयेस १२०–११७ने जिंकला आणि एक लाख डॉलर घेऊन गेला. हरणाऱ्याला काही नाही. असं दडपण साध्या स्पर्धेत येतच नाही. टेबलावरच्या दिव्यावर दोघांच्या नोटा ठेवलेल्या असतात तेव्हा माणसाचा हात खरा कळतो.

सदाशिवपेठी:
धागा आवडला, मत अजिबात पटलं नाही.

पहिली गोष्ट, हाँगकाँगचे एक लाख हे बक्षीस होतं. दोघांपैकी कोणाच्याही खिशातून ते गेले नाहीत. म्हणजे तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातं. पैज न लावताही दडपण येतं आणि खेळ उंचीला जातो.

दुसरी गोष्ट, खोटं नाव घेऊन समोरच्याला अंधारात ठेवायचं आणि त्याचे पैसे काढायचे, याला आपण लबाडी म्हणतो. रेयेस मोठाच आहे, पण तो त्याच्या हातामुळे मोठा आहे. नाव लपवल्यामुळे नाही.

आणि विली मॉस्कोनीला कसे विसरलात? १९४१ ते १९५७ या काळात पंधरा वेळा जगज्जेता. १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये एकही न चुकवता ५२६ बॉल घातले. हा विक्रम २०१९पर्यंत टिकला. लहानपणी वडिलांनी क्यू लपवून ठेवले तर पोरगा केरसुणीचा दांडा घेऊन बटाट्यांवर सराव करायचा. कोट-टाय घालून खेळणारा हा माणूस. पैजखोरांनी खेळाचं नाव घालवलं, असं आयुष्यभर सांगत आला. त्याच्याहून मोठा तुमचा कोणता पैजवाला?

ह्यूस्टनकर:
सदाशिवपेठी, मॉस्कोनीबद्दल एक गोष्ट राहिली. त्याला ब्रन्सविक ही टेबलं बनवणारी कंपनी पैसे द्यायची. गावोगाव प्रदर्शनीय सामने करायचे, कंपनीचं नाव करायचं. महिन्याच्या महिन्याला ज्याच्या घरी पैसे येतात त्याला पैजेवर नाक मुरडणं परवडतं. बाकीच्यांनी काय खायचं? स्पर्धा वर्षाकाठी मोजक्या, बक्षिसं किरकोळ.

ल्यूथर लॅसिटर घ्या. दुसऱ्या महायुद्धात नॉरफोक बंदरात नौदलामुळे पैसा खुळखुळत होता, तिथे तो रात्रंदिवस पैजा खेळला. तोच १९६०च्या दशकात अनेकदा जगज्जेता झाला. इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटीत जान्स्को बंधूंनी १९६१पासून जी स्पर्धा भरवली तिच्यात देशभरचे पैजवाले यायचे. स्पर्धा एकीकडे, रात्रीच्या बाज्या दुसरीकडे. लॅसिटर दोन्हीकडे तितकाच भारी होता. १९७२ला सरकारी धाड पडली आणि ते पर्व संपलं.

कुशनशॉट:
माणसांचा रंग हाही मुद्दा आहे. रुडॉल्फ वाँडेरोन नावाचा गुबगुबीत, अखंड बडबडणारा पैजवाला. १९६१ला 'द हसलर' हा पूलच्या पैजवाल्यांवरचा सिनेमा आला आणि यांनी जाहीर करून टाकलं की त्यातला मिनेसोटा फॅट्स म्हणजे मीच! एकही मोठी स्पर्धा न जिंकलेला माणूस अमेरिकेतला सर्वात प्रसिद्ध पूल खेळाडू झाला. १९७८ला न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरियात टीव्हीवर मॉस्कोनीशी सामना झाला. फॅट्स बोलतोय, लोक हसतायत, मॉस्कोनीच्या कपाळावर आठ्या. जिंकला मॉस्कोनीच. पण घरोघरी लोक टीव्हीसमोर बसले ते या दोघांच्या खुन्नशीसाठी. आजच्या खेळाडूंचा हात जास्त सफाईदार असेल, पण कोणाची गोष्ट सांगत बसावं असं वाटतं का?

सदाशिवपेठी:
गोष्ट सांगायला मजा येते हे मान्य. पण त्या गोष्टीमुळेच चार पिढ्या आईबापांनी पोरांना पूल हॉलची पायरी चढू दिली नाही. कंपन्यांनी पैसा गोल्फ-टेनिसकडे नेला. लॅसिटरला पैजा खेळाव्या लागल्या, कारण बक्षिसं नव्हती. आणि बक्षिसं नव्हती, कारण खेळ पैजांसाठी बदनाम होता. हे चक्र तोडायचं कुठे? २०२४ची जागतिक स्पर्धा जेद्दाहमध्ये झाली, एकूण दहा लाख डॉलरची बक्षिसं. फेडोर गोर्स्ट अंतिम सामना १५–१४ असा जिंकला, अडीच लाख डॉलर मिळाले. हा रस्ता मला हवा आहे.

आठवणींची_फ्रेम:
मी पूल खेळत नाही. तरीही लिहिते, कारण इथे सगळे पैजवाल्या विजेत्यांबद्दल बोलताहेत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्यात गल्लोगल्ली पूल पार्लर झाली. माझा धाकटा भाऊ कॉलेजात होता. सुरुवात नेहमीचीच: जो हरेल त्याने टेबलचे पैसे द्यायचे. मग वर पन्नास, मग पाचशे. एक तिशीतला माणूस यायचा. पहिल्या दोन फ्रेम सहज सोडायचा, वर म्हणायचा, "तुला सात नंबर देतो." म्हणजे भावाने सात किंवा नऊ नंबरचा बॉल, कुठलाही घातला तरी जिंकला; त्याला मात्र नऊच घालायला हवा. पोराला वाटायचं, आता आपणच जिंकणार. एका रात्री दीड वाजता घरी आला. बोटांना निळा चॉक, आणि हातात घड्याळ नाही. ते आजोबांचं होतं. आईला सांगितलं की दुरुस्तीला दिलंय.

रेयेसच्या समोर रोज कोणीतरी हरत होतं ना? त्या माणसांची नावं कोणाला माहीत आहेत का?

आणि ही पैजेची शाळा बायकांसाठी कधी उघडी होती? जीन बालूकस ब्रुकलिनमध्ये वडिलांच्या हॉलमध्ये शिकली, तेरा वर्षांची असताना पूलची यूएस ओपन जिंकली आणि १९७२ ते १९७८ सलग सात वेळा जिंकत राहिली. तिला शिकायला दिव्यावरच्या नोटा लागल्या नाहीत.

नऊनंबर:
ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हात लपवून खेळणं आणि उघड्यावर बरोबरीच्या माणसाशी बाजी लावणं, या दोन गोष्टी मी एकाच पोत्यात भरल्या, ती चूक. बालूकसचा मुद्दाही बिनतोड आहे. हाँगकाँगचंही मान्य.

पण सदाशिवपेठी, स्वच्छ पैशाचं मला इतकं कौतुक वाटत नाही. आयपीटी (इंटरनॅशनल पूल टूर) नावाची स्पर्धांची मालिका निघाली. २००६ला अमेरिकेतल्या रेनोमध्ये रेयेसने पहिलं बक्षीस जिंकलं, पाच लाख डॉलर! आणि मग? आयोजकांकडे पैसेच नव्हते. खेळाडूंना हप्त्याहप्त्याने द्यायची वेळ आली, मालिका बुडाली. लोक त्या पैशाच्या भरवशावर आयुष्य आखून बसले होते. स्ट्रिकलंडने १९९६ला डॅलसमध्ये सलग अकरा रॅक साफ केले, दहा लाख डॉलरचं इनाम लागलं होतं; तिथेही विमा कंपनीने खळखळ केली, शेवटी तडजोड. दिव्यावरची नोट निदान त्याच रात्री हातात पडते.

ह्यूस्टनकर:
इंडियानात दर जानेवारीत डर्बी सिटी क्लासिक भरते, मी एकदा गेलो होतो. पहाटे तीनला वन पॉकेटची बाजी चालू होती. यात दोघांनाही एकेकच पॉकेट, आठ बॉल आधी घालेल तो जिंकला. एका बॉलवर दोघं पंधरा मिनिटं नुसते सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा फटका मिळू नये असे फटके, खेळत होते. कोण कोणाला किती सवलत देतोय हे सगळ्यांना माहीत, पैसे लावणारा शेठ शेजारच्या खुर्चीवर. कोणी फसत नव्हतं. एवढा विचारपूर्वक खेळलेला पूल मी कुठल्याच टीव्हीवर पाहिलेला नाही.

सदाशिवपेठी:
शेठचे पैसे असतील तर खेळणाऱ्याच्या खिशाला काय धोका? मग नऊनंबरांचं ते उद्याच्या जेवणाचं दडपण कुठे गेलं?

नऊनंबर:
हरला तर पुढच्या वेळी शेठ उभा राहत नाही, साहेब. हे दडपण कमी नाही.

ताई, विचारू का? भाऊ अजून खेळतो?

आठवणींची_फ्रेम:
खेळतो. रविवारी, मुलाला घेऊन. आत गेल्या गेल्या टेबलचे पैसे आधी भरतो, मगच क्यू हातात घेतो. घड्याळ काही परत आलं नाही.