रात्री १.२० ची तार
ज्यूंवरच्या क्रिस्टालनाख्ट हल्ल्यांबद्दल 'नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत लोकांचा संताप उफाळला, पोलीस हतबल झाले' असं म्हटलं जातं. ही तर थेट नाझी प्रचारमंत्री गोबेल्सची बाजू झाली. मध्यरात्र उलटून १० नोव्हेंबर लागल्यावर १.२० ला सुरक्षा पोलीस प्रमुख हायड्रिखने पोलिसांना पाठवलेली तार बघा. सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळायला हरकत नाही, पण शेजारच्या इमारतींना झळ लागता कामा नये. दुकानं फोडू द्या, लुटू देऊ नका. सिनेगॉगांमधली जुनी दफ्तरं ताब्यात घेऊन एसडीकडे (एसएसच्या गुप्तचर शाखेकडे) सोपवा. अटक करायची ती मुख्यतः सधन, धडधाकट, फार वय नसलेल्या ज्यू पुरुषांना, आणि कोठडीत मावतील तेवढ्यांनाच. (संतापलेला जमाव दफ्तरं सांभाळत बसतो का?) सुमारे ३०,००० पुरुष डाखाऊ, बुखेनवाल्ड आणि साक्सेनहाउसेनच्या छळछावण्यांत गेले, देश सोडायची हमी दिली की बरेचसे सुटत.

पैशाचा हिशेब आणखी उघडा आहे. १२ नोव्हेंबरला नाझी सरकारमधला बडा मंत्री गोरिंगने बैठक घेतली. ज्यूंवरच १ अब्ज राइशमार्कांचा दंड, दुरुस्ती त्यांच्याच खर्चाने, विम्याची भरपाई सरकारजमा. वसुली कशी? ५,००० मार्कांहून जास्त मालमत्ता असेल तर तिच्या २० टक्के, चार हप्त्यांत. १९३९ मध्ये पाचवा हप्ता लावून ते २५ टक्के केले.