मदत हवी आहे: मदतनिधीच्या गाण्याच्या कार्यक्रमाला लायसन कुठलं लागतं? (तातडीचं)

जवारी | सोमवार, रात्री ११.४०
नमस्कार. कार्यक्रम सव्वीस दिवसांवर आलाय. आज नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांचा फोन आला, "म्युझिकचं लायसन आणा, नाहीतर माइक लावू देणार नाही." कुठलं, असं विचारलं तर "ते तुम्हाला माहीत पाहिजे" म्हणाले आणि ठेवून दिला. एक जण सांगतो पीपीएल, दुसरा म्हणतो आयपीआरएस, आमचा साउंडवाला म्हणतो काही लागत नाही, वीस वर्षं धंद्यात आहे. कार्यक्रम पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) पेशंटांसाठी आहे, आमच्यातलं कुणी एक रुपया घेत नाही. तिकिटं छापून झाली, विक्री सुरू आहे. कुठलं लायसन आणि कुठे मिळतं, एवढंच सांगा. उद्या सकाळी परत फोन येणार आहे.

ठेका | सोमवार, रात्री ११.५५
शहर कुठलं? गाणी वाद्यांवर की कराओके ट्रॅकवर? तिकीट किती? जमलेले पैसे कुणाच्या नावावर जाणार? हे कळल्याशिवाय कुणीही काही सांगितलं तरी ते अंदाजपंचे.

जवारी | मंगळवार, सकाळी ६.१०
मिरज. तिकीट ३०० रुपये. दहा गाणी तबला-पेटीवर, बारा ट्रॅकवर, कारण सगळ्या वादकांना बिदागी देण्याइतके पैसे नाहीत. पैसे सध्या माझ्याच खात्यात येतात, क्यूआर माझाच आहे. आता सांगा.

हिशेबतपासनीस | मंगळवार, सकाळी ७.३०
ताई, लायसनचं नंतर. आधी तो क्यूआर बंद करा. तुमच्या मनात काही नसेल हे मान्य, पण उद्या कुणी विचारलं की हे तुमचे पैसे की पेशंटचे, तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तुमच्या किराण्याशेजारीच देणग्या दिसणार. तुमचं मंडळ नोंदणीकृत आहे का? नसेल तर धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०, कलम ४१सी. गणपती मंडळं दरवर्षी काढतात तीच. नाहीतर एखाद्या नोंदणीकृत संस्थेला बरोबर घ्या आणि पैसे थेट त्यांच्या खात्यात जाऊ द्या. त्यांच्याकडे ८०जी, म्हणजे देणगीवर आयकर सवलत देणारी मान्यता, असेल तर देणगीदाराला पावतीही मिळते. मात्र २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीचा फायदा नाही, आणि तिकीट घेणं म्हणजे देणगी नव्हे, हे लोकांना आधीच सांगा.
तिकीट ५०० पर्यंत असेल तर गाण्याच्या कार्यक्रमाला जीएसटी लागत नाही, ती काळजी सोडा.

जवारी | मंगळवार, सकाळी ७.४५
जीएसटीचं मी विचारलंच नव्हतं. लायसन?

काळा_कोट | मंगळवार, सकाळी ९.२०
या दोन्ही लायसन देणाऱ्या संस्था. गाण्याचे शब्द आणि चाल यांच्यासाठी आयपीआरएस. ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल, पण प्रत्येक कंपनीचे हक्क पीपीएलकडेच असतात असं नाही. तुमची दहा वाद्यांवरची गाणी आयपीआरएसमध्ये येतात. ट्रॅकच्या बारा गाण्यांना शब्द-चाल आहेच, शिवाय तो ट्रॅक कुणी तयार केलाय ते बघावं लागेल. व्यवस्थापकांकडून मात्र लेखी मागून घ्या की नेमका कुठला कागद हवा. तोंडी "लायसन" म्हणजे पोलिसांचा ना-हरकत दाखलाही असू शकतो.
तिकीट लावायलाच हवं का? कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(एल) वाचा. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. ती शब्द-चालीपुरती आहे, ध्वनिमुद्रणाला नाही. म्हणजे प्रवेश मोफत आणि सगळं वाद्यांवर, असं केलंत तर तुमची बाजू भक्कम.

गच्चीवरचा_माइक | मंगळवार, सकाळी १०.०५
आम्ही सोसायटीत कॅन्सरपेशंटसाठी तीन वर्षं कार्यक्रम केले. काही काढलं नाही, कुणी विचारलं नाही. चांगल्या कामाला कुणी आडवं येत नाही.

काळा_कोट | मंगळवार, सकाळी १०.४०
चांगल्या कामासाठी तिकीट लावलं तरी ते तिकीटच. कायद्यात धार्मिक संस्थेच्या मदतीसाठीचं सादरीकरण वेगळं सांगितलंय, आजारी माणसांच्या मदतीचं नाही. मलाही ते पटत नाही, पण आहे हे असं आहे. तुम्हाला कुणी विचारलं नाही, यांना विचारलंय.

नाट्यवेडा | मंगळवार, दुपारी १२.१५
एवढी डोकेफोड कशाला? जुनी नाट्यपदं आणि अभंग घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. नाटककार किर्लोस्कर १८८५ला गेले, देवल १९१६ला. देवल तर तुमच्या शेजारच्या हरिपूरचे! तुकोबांच्या अभंगाचं लायसन कोण मागणार? मी आजच बावीस गाण्यांची यादी करून देतो.

काळा_कोट | मंगळवार, दुपारी १२.५०
शब्द तुकोबांचे, चाल कुणाची? श्रीनिवास खळे २०११ साली गेले. त्यांनी बांधलेली चाल घेतलीत तर ६० वर्षं तिथून मोजायची. पारंपरिक चालीतच म्हणणार असाल तर बोला.

नाट्यवेडा | मंगळवार, दुपारी १.१०
पारंपरिक चाली काय कमी आहेत? वारीतल्या घ्या. हल्ली कुणाला त्या येत नाहीत, हे खरं दुखणं.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी २.३०
मिरजेत गाण्याचा कार्यक्रम आणि लायसनसाठी अडवणूक, वाचून वाईट वाटलं. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, १९३७ साली गेल्यावर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. तिथे उरुसात संगीत सभा होते, नामांकित कलाकार सेवा म्हणून गातात, तिकीट नसतं. लहानपणी वडिलांच्या मांडीवर झोपून रात्री ऐकल्यात. पहाटेच्या भैरवीला वडील मला हलवून उठवायचे.
अवांतर झालं, पण कलम ५२मध्ये जे लिहिलंय ते आपल्या गावात आधीपासून चालत आलंय एवढंच म्हणायचंय. तिकीट काढून टाका, ताई.

आजीचा_बटवा | मंगळवार, दुपारी ४.००
पार्किन्सन्सवर खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण द्या, आमच्या काकांचा कंप खूप कमी झाला. गोळ्यांवर एवढा खर्चच करायला नको.

चार_मात्रा | मंगळवार, दुपारी ४.३५
मी फिजिओथेरपिस्ट आहे. खाजकुइलीत नैसर्गिक लेवोडोपा, म्हणजे पार्किन्सन्सच्या गोळ्यांतलंच औषध, असतो हे खरं, आणि म्हणूनच हे जपून लिहा. पेशंट आधीच लेवोडोपाच्या गोळ्या घेत असतो. वरून चूर्ण दिलं तर एकूण डोस किती गेला याचा डॉक्टरांना पत्ता लागत नाही. हात-पाय आपोआप वळवळू लागतात, रक्तदाब पडतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया नको.
जवारी ताई, कार्यक्रम किती वाजता आहे? पेशंट येणार आहेत की नुसती त्यांच्या नावाने मदत?

जवारी | मंगळवार, रात्री ९.५०
येणार आहेत. अठरा जण. चौघं गाणारही आहेत. त्यांच्यातले एक माझे बाबा.
बाबांनी आमच्या सतारमेकर गल्लीत तीस वर्षं तंबोऱ्यांची जवारी लावली. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, परत एक हात. केसाएवढं जास्त घासलं गेलं तरी आवाज मरतो. नऊ वर्षांपूर्वी उजवा अंगठा हलायला लागला. पहिलं वर्षभर त्यांनी आम्हाला सांगितलंच नाही, फक्त गिऱ्हाईक परत पाठवायला लागले. आता बोलणं इतकं बारीक झालंय की फोनवर समोरच्याला ऐकू येत नाही. पण तंबोरा मांडीवर घेतला की हात थांबतो. नुसता बसलेला असताना हलतो, तारेवर बोट गेलं की थांबतो. आणि गायला लागले की आवाज बाहेर येतो. कार्यक्रमाची पहिली पाच मिनिटं नुसता त्यांचा तंबोरा असणार आहे. म्हणून माझा जीव एवढा वरखाली होतोय.
वेळ संध्याकाळी सहा ते दहा. पैसे पेशंटांच्या फिजिओथेरपीसाठी आणि ज्यांना परवडत नाहीत त्यांच्या गोळ्यांसाठी.

चार_मात्रा | मंगळवार, रात्री १०.३०
मग वेळ बदला. सहा ते दहा म्हणजे बहुतेकांच्या संध्याकाळच्या डोसच्या मधोमध. गोळीचा असर उतरला की माणूस खुर्चीतच थिजतो. अठरा जणांच्या गोळ्यांच्या वेळा लिहून घ्या आणि सकाळी साडेदहा ते एक असं काहीतरी करा. प्रथिनांनी लेवोडोपा शोषायला अडथळा होतो, म्हणून नाश्त्याला पनीर, दुधाचे पदार्थ नकोत आणि नाश्ता गोळीआधी तर नकोच.
विंगेतून स्टेजवर येताना दाराशी पाय चिकटतात. जमिनीवर पावलाएवढ्या अंतराने पिवळ्या चिकटपट्ट्या मारा, त्या ओलांडत माणूस चालतो. ठेकाही उपयोगी पडतो. मी पेशंटना केरव्यावर चालवते, सरळ चार-चार मात्रा. त्यांना स्टेजवर आणताना तबलजींना हलका केरवा धरायला सांगा.

ठेका | मंगळवार, रात्री १०.४५
तबला मी वाजवतो. डोंबिवलीहून येतो, बिदागी नको, जाण्यायेण्याचं माझं मी बघतो. ट्रॅक काढून टाका. पेटीला कुणी आहे ना?

गच्चीवरचा_माइक | मंगळवार, रात्री ११.००
ट्रॅकशिवाय हौशी लोकांचा सूर सुटतो. लोक उठून जातील, मग देणगी कोण देणार? एकदा विचार करा.

ठेका | मंगळवार, रात्री ११.०५
सूर सुटला तर सुटला. पेटीवाला सांभाळून घेतो, ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. पेशंट एक ओळ उशिरा उचलेल तेव्हा ट्रॅक काय करणार?

जवारी | शुक्रवार, रात्री ८.२०
झालं ते सांगते. व्यवस्थापकांनी लेखी दिलं, त्यांना आयपीआरएसचं पत्र आणि पोलिसांचा ना-हरकत दाखला हवा होता. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. बारा ट्रॅकची गाणी काढली, वाद्यांवरची चार वाढवली, आता एकूण चौदा, सगळी तबला-पेटीवर. प्रवेश मोफत करायचं ठरलं. सगळा तपशील देऊन आयपीआरएसला मेल केलाय. रुग्णांसाठी काम करणारी एक नोंदणीकृत संस्था तयार झाली, देणगी थेट त्यांच्या खात्यात, माझा क्यूआर बंद. नाट्यगृहाची सकाळची वेळ मिळाली.
आता अडलंय ते असं: ११२ तिकिटं विकली गेलीत, ३३,६०० रुपये. परत करायला गेले तर बरेच जण म्हणतात ठेवा, देणगीच समजा. ठेवू का?

काळा_कोट | शुक्रवार, रात्री ८.४०
नका ठेवू. तिकीट घेतलेल्याचे पैसे राहिले तर प्रवेश मोफत कसा? सगळ्यांना परत करा, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. ज्यांना द्यायचेत ते संस्थेला स्वतंत्र देतील. दारात दानपेटी ठेवू नका. देणगीचा आणि आत येण्याचा संबंध कुठेही दिसता कामा नये.

हिशेबतपासनीस | शुक्रवार, रात्री ८.५५
सहमत. परत केल्याची यादी जपून ठेवा, नाव, रक्कम, तारीख.

आजीचा_बटवा | शुक्रवार, रात्री ९.३०
चूर्णाचं मी काकांच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांना माहीतच नव्हतं. गोळीचा डोस आता ते परत ठरवणार आहेत. धन्यवाद, चार_मात्रा.

चार_मात्रा | शुक्रवार, रात्री ९.४५
बरं झालं सांगितलंत.
जवारी ताई, स्टेजला पायऱ्या किती आहेत आणि कठडा आहे का? बाबांचा तंबोरा आधीच वर नेऊन ठेवा.

जवारी | शुक्रवार, रात्री १०.००
पायऱ्या सात, कठडा एकाच बाजूला. तंबोरा मी नेते म्हटलं तर बाबा नाही म्हणाले. पुढे भोपळा मी धरायचा, मागे दांडी ते धरणार. कालपासून अंगणात तसं चालून बघतोय.