थांबवलेली कामं: 'पुरे' कोणी म्हटलं, आणि कशावरून?

परवा घरी टाटा नॅनोवरून वाजलं. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात गाडी दाखवली तेव्हा सगळ्यांना कौतुक होतं. शेवटची काही वर्षं खप नावालाच उरला होता, तरी उत्पादन थांबायला २०१८ उजाडलं. मामांचं म्हणणं, निम्म्या वेळात गुंडाळायला हवं होतं. भाऊ म्हणाला, नंतर सगळेच शहाणे. जेवणं झाली, वाद राहिला.

नारळ फोडतानाचे फोटो प्रत्येकाकडे असतात, शटर कायमचं खाली ओढतानाचे कोणाकडेच नसतात. म्हणून हा धागा. शेत, दुकान, प्रबंध, कंपनीतलं काम, काहीही चालेल. थांबायचं हे कशावरून ठरलं आणि घरात किंवा कचेरीत ते पहिल्यांदा कोण बोललं, एवढं लिहा. ज्यांनी फसवलं त्यांची नावं नकोत. 'स्वप्नं सोडू नका' छापाचे सल्लेही नकोत, ते व्हॉट्सअ‍ॅपवर मुबलक मिळतात.

बागलाणकर

डाळिंब, भगवा वाण. आमच्याकडं तेल्या रोग आला म्हणजे काय होतं ते आधी सांगतो. फळावर तेलकट ठिपका दिसतो, तो काळा पडतो, मग फळ तिथून तडकतं. ढगाळ हवा आणि दोन दिवस रिपरिप लागली की बघायला नको. आम्ही पावसाळी मृग बहार सोडून उन्हाळी आंबे बहारावर आलो, कारण कोरड्या दिवसांत रोग दबतो. रोगट फळं वेचून जाळली, बोर्डो मिश्रण फवारलं, छाटणीच्या कात्र्या प्रत्येक झाडागणिक औषधात बुडवल्या. त्यातून वाचलेल्या झाडांना मर रोग लागला, उभी झाडं वाळली.

आप्पांचं एकच पालुपद, 'एवढं घातलंय, आता कसं सोडायचं?' मी वहीत दोन पानं केली. एकावर आजवर घातलेलं, दुसऱ्यावर पुढच्या बहाराला लागणारं आणि पदरात पडेल असं वाटणारं. आप्पा दर वेळी पहिलंच पान उघडून बसायचे. शेवटी त्या पानाच्या कडा मी स्टेपलरनं बंद करून टाकल्या. त्यावर दोन दिवस अबोला.

खरं कारण मात्र हिशेबात नव्हतंच. शेजारची बाग बेवारस पडलेली, मालक नाशकात. तिथली सडकी फळं झाडावरच लटकलेली. वाऱ्या-पावसाबरोबर तिथला रोग आमच्याकडं येणार, मग मी कितीही फवारून उपयोग काय? हे आईनं सांगितलं, तेही चहा गाळता गाळता. 'आपली बाग आपल्या हातात राहिली नाही,' म्हणाली. आप्पा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ठिबकच्या नळ्या गुंडाळायला तेच पुढं. मग जेसीबी बोलावला.

सांगोल्याकडचे आमचे पाहुणे अजून डाळिंबातच आहेत आणि बरं चाललंय. तिकडची हवा कोरडी. तेव्हा माझं वाचून कोणी उद्याच बाग काढू नका.

जुनी संपादिका

आमचं त्रैमासिक पैशांअभावी बंद पडलं असं लोक समजतात. पैसे कधीच नव्हते, सुरुवातीलाही नव्हते!

अंक निघाला की चौघी बसून पत्ते चिकटवायचो. पुणे ३० चा गठ्ठा सगळ्यात जाड असे, तो दर अंकाला बारीक होत गेला. 'मयत' शेरा मारून परत आलेली पाकिटं वाढली. तेही सोसलं असतं. पण पूर्वी एका कवितेवरून आमच्यात तास तास भांडण व्हायचं, एकीनं तर त्यापायी राजीनामाही दिला होता (आणि पुढच्या अंकाला परत आली). शेवटच्या वर्षी जे येईल ते 'घ्या' म्हणून पुढे ढकलायचो. एका बैठकीत अख्ख्या अंकाची निवड चहा यायच्या आत उरकली. तेव्हा मीच विषय काढला आणि कोणीही 'छे छे' म्हणालं नाही.

उरलेल्या वर्गणीचे पैसे प्रत्येकाला परत केले. बंद करायचं असेल तर त्याचीही तरतूद हवी, म्हणजे खात्यात थोडं शिल्लक असतानाच थांबावं लागतं. हे फारसं कोणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

निवृत्त भूजलवाला

बोअरचं लिहितो, कारण थांबायचं कुठे हा प्रश्न त्याच्याइतका रोकडा दुसरीकडे नाही. मीटर फुटावर चालतो.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बेसाल्ट. वरचा मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊ, सच्छिद्र खडक, मधे एखादा तांबडा गेरूचा थर, मग काळा पाषाण. पाणी मिळायचं ते झिजलेल्या, भेगाळलेल्या भागात. एकसंध काळा पाषाण लागला आणि भोकातून नुसती करडी पीठासारखी धूळ उडत राहिली, की पुढे भेग सापडेलच याची काहीही खात्री नसते. तरी रात्री गाडीच्या उजेडात उभा असलेला मालक म्हणतो, 'अजून पन्नास फूट मारा.' ते पन्नास झाले की आणखी पन्नास. गाडीवाला नको म्हणणार नाही, त्याचं बिल फुटावर. नारळ उभा करून पाण्याची जागा दाखवणारा तर कधीच नाही म्हणणार, त्याची अब्रू पणाला लागलेली.

मी लोकांना सांगत असे, गाडी यायच्या आधी, दिवसाउजेडी, आकडा ठरवा आणि तो घरातल्या अशा माणसाला सांगा जो बोअरपाशी येणार नाही. त्या आकड्याला त्याला फोन लावायचा. ऐकणारे थोडे. ऐकलं त्यांच्यातल्याही एकाला शेजारच्या बांधावर नंतर पाणी लागलं, तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आकडेमोड

भूजलवाले काका, औषधांच्या चाचण्यांमध्ये आम्ही अगदी हेच करतो. थांबायचे निकष पहिला रुग्ण दाखल व्हायच्या आधीच लिहून ठेवतात आणि मधली आकडेवारी स्वतंत्र समिती बघते. औषध बनवणाऱ्यांना ती दिसत नाही. ठळक उदाहरण अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हचं. रजोनिवृत्तीनंतरच्या सोळा हजारांवर स्त्रियांवर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या संप्रेरकांची चाचणी सुरू होती. सरासरी साडेआठ वर्षं चालायची होती, जुलै २००२ मध्ये सव्वापाच वर्षांच्या सुमारास थांबवली. स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण आधी आखलेल्या रेषेपलीकडे गेलं होतं आणि एकंदरीत फायद्यापेक्षा अपाय जास्त दिसत होता.

राईनकाठी

आमच्या कंपनीत गोदामासाठी नवी प्रणाली बनत होती. दर महिन्याच्या अहवालात सगळं हिरवं, आत कलिंगडासारखं लाल. गोदामातल्या लोकांनी वैतागून स्वतःची एक्सेल फाईल केली आणि सगळं काम तिच्यावर सुरळीत चाललं होतं. हे खालच्या सगळ्यांना माहीत. थांबलं कधी? ज्या साहेबांनी प्रकल्प आणला ते नोकरी बदलून गेले तेव्हा. नव्या बाईंनी पहिल्याच बैठकीत बंद केला. त्या फार हुशार होत्या असं नाही, त्यांचं नाव त्यावर नव्हतं एवढंच.

पेडण्याचा पाहुणा

मी उलट बाजूनं. कोकण रेल्वेचा गोव्यातला पेडण्याचा बोगदा आठवा. मऊ माती, पाणी, खणलेलं पुन्हा पुन्हा ढासळायचं, माणसं गेली. तिथे कोणी 'पुरे' म्हटलं असतं तर जानेवारी १९९८ मध्ये सबंध मार्ग सुरू झाला असता का?

आकडेमोड

नसता झाला. पण तिथे बाकीचा मार्ग होत आला होता, अडसर तेवढाच. उरलेल्या खर्चापुढे मिळणार होती ती अख्खी रेल्वे. टेक्सासमधल्या महाकाय कण-आदळयंत्राचं (सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर) उलट झालं. ८७ किलोमीटरच्या बोगद्यापैकी साधारण २३ किलोमीटर खणून, दोनेक अब्ज डॉलर घालून अमेरिकी संसदेनं १९९३ मध्ये ते रद्द केलं, कारण उरलेलं बिल फुगतच चाललं होतं. बरोबर केलं का यावर भौतिकीवाले आजही हमरीतुमरीवर येतात. बागलाणकरांचं दुसरं पानच दोन्हीकडे बघायचं. मात्र पेडण्यात गेलेली माणसं कुठल्या पानावर लिहायची, ते मला सांगता येत नाही.

घाणेवाला

सगळं वाचलं. माझा लाकडी घाणा आहे, शेंगदाणा आणि करडई. तेल चांगलं, गिऱ्हाईक 'वा' म्हणतं आणि घरी जाऊन पिशवीतलं रिफाइंड वापरतं. समिती कुठून आणू? आमच्याकडे फक्त मेहुणा आहे.

निवृत्त भूजलवाला

मेहुण्याचे पैसे गुंतलेत का?

घाणेवाला

नाही काका. उधार मागितले होते, दिले नाहीत.

निवृत्त भूजलवाला

मग माणूस योग्य आहे. आकडा त्याला सांगा.

घाणेवाला

सांगितला. दिवाळीपर्यंत महिन्याचं भाडं आणि वीजबिल तेलातून सुटलं नाही तर घाणा विकायला काढणार. मेहुण्यानं तारीख कॅलेंडरवर लिहूनही ठेवली, जरा जास्तच उत्साहानं. तोवर नाशिक रोड परिसरात कोणाला जनावरांसाठी ताजी पेंड हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.