पाइनला देवदार म्हटलं तर चुकलं का?

अर्धवट: अमेरिकेतल्या जंगलांवरचा एक लेख भाषांतराला आलाय, पानोपानी पाँडेरोसा पाइन. मी बिनधास्त देवदार ठोकलं, तर संपादकबाई म्हणतात देवदार म्हणजे सीडर, पाइन नव्हे. पण आमच्याकडे सामानाची पांढरट खोकी देवदाराचीच म्हणायचे की, आणि ते पाइनच ना? काय लिहू?

शुद्धमती: बाईंचं बरोबर आहे. पाइनला सरल हा अस्सल शब्द आहे. मेघदूतात सरलांची खोडं घासून वणवा पेटतो, आठवा.

रंधा: ताई, वखारीत सरल मागून बघा, सरळ घरी पाठवतील :) आमच्या धंद्यात नवं ते पाइन आणि खोक्याचं ते देवदार. हे देवदार साहेबाच्या डीलवूडवरून (पाइनसारख्या मऊ लाकडाच्या फळ्यांना इंग्रज डील म्हणायचे) आलं असं बाबा सांगायचे.

शुद्धमती: काहीतरीच! देवदारु संस्कृत आहे.

रंधा: असेल, पण खोक्याला कसा चिकटला ते सांगा की.

फ्लॅगस्टाफकर: आमच्या ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ गावाचं नावच १८७६ साली पाइनच्या सोटावर झेंडा चढवला त्यावरून पडलं म्हणतात, आणि चहूकडे हाच पाँडेरोसा. झाड म्हातारं झालं की काळपट साल नारिंगी होते, उन्हात खोडाला नाक लावलं की चक्क व्हॅनिला, लेक म्हणते बटरस्कॉच. साल इतकी जाड की खालचं गवत पेटलं तरी मोठं झाड तगतं. सुया बहुतेक तीन-तीनच्या जुडग्यात, आपल्या हिमालयातल्या चिडासारख्या, म्हणून माझं मत चीड.

अर्धवट: 'डोंगरभर चीड पसरली होती' असं लिहू? वाचक विचारेल कोणावर!

रंधा: =)) लाकूड कसं असतं हो तिकडचं?

फ्लॅगस्टाफकर: फिकट, रंध्याला मऊ. खिडक्यांच्या चौकटी, दारं, खोकी, आणि गाठीगाठीच्या फळ्या भिंतींना मारतात. पाँडेरोसा म्हणजे वजनदार, नाव डेव्हिड डग्लस या स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञानं ठेवलं.

रंधा: वजनदार? सागापुढे कापूस आहे तो.

शुद्धमती: मग गुरुसरल म्हणा.

रंधा: जड जातंय ताई.

अर्धवट: अहो, लेख उद्या द्यायचाय.

फ्लॅगस्टाफकर: रंधाभाऊ, ती देवदारी खोकी कुठून यायची हो तुमच्याकडे? आमच्या आजीचं धान्य त्यातच असायचं, उघडलं की टर्पेंटाइनचा वास.

रंधा: बंदरावरून. मशीन यायची ना, त्याची. मोडून आम्ही माळे केलेत, अजून आहेत.